कॅमेऱ्यात फोटो नेमका कुठे तयार होतो? (सेन्सर, रॉ, जेपेग आणि कार्ड)

शिवडीकर

सणासुदीला शहरभर रोषणाई झाली की फोटोंच्या धाग्यांवर एक प्रश्न हमखास येतो. सीएसएमटीचा घुमट, कमानी, कोरीवकाम सगळं नीट येतं, पण जिथे निळा किंवा लाल झोत पडलाय तिथला दगड गायब होऊन नुसता सपाट रंग उरतो. डोळ्यांना तर तिथली नक्षी स्पष्ट दिसत होती. महागडा कॅमेरा असला तरी हेच होतं.

याचं उत्तर द्यायचं तर बटण दाबल्यापासून फाइल कार्डावर पडेपर्यंत काय काय घडतं ते बघावं लागतं. त्या वाटेवर ठिकठिकाणी माहिती गळते किंवा कॅमेरा ती मुद्दाम टाकून देतो. कुठे गळते आणि कुठे टाकली जाते हे एकदा कळलं की सेटिंग पाठ करायची गरज उरत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावर अतिशय बारीक खणांची जाळी. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे 6000 आणि उभे 4000 खण असतात. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे एक खण साधारण 6 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रकाशाचा कण सिलिकॉनमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्या खणात साठतो. शटर उघडं असेपर्यंत साठत राहतो. मग प्रत्येक खणात किती भार जमला ते मोजून त्याचा आकडा केला जातो. 12 बिटांचा कॅमेरा असेल तर 4096 पायऱ्या, 14 बिटांचा असेल तर 16384. सेन्सरचं काम इथे संपलं. त्याच्याकडे आहेत फक्त 2 कोटी 40 लाख आकडे. चित्र अजून कुठेच नाही.

खणाला क्षमता असते. चाळीतलं पाण्याचं पिंप काठोकाठ भरलं की नळ आणखी अर्धा तास चालू ठेवला तरी पिंपात तेवढंच पाणी मोजायला मिळतं. खण भरला की त्याच्यावर आणखी कितीही प्रकाश पडो, आकडा तोच. शेजारी-शेजारी असे हजारो खण भरले की सगळ्यांचा आकडा एकच होतो, आणि आकडे सारखे म्हणजे नक्षी गेली. ती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण ती नोंदलीच गेली नाही.

आता रंग. सिलिकॉन फक्त प्रकाश किती ते मोजतं, कुठल्या रंगाचा ते नाही. म्हणून प्रत्येक खणावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक फिल्टर बसवतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी केली, 1976 साली तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. दर चार खणांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण आपल्या डोळ्याला बारकावे मुख्यतः त्याच पट्ट्यात दिसतात.

रोषणाईचं कोडं इथे सुटतं. निळ्या एलईडीचा प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यातला असतो. तो जवळजवळ सगळा निळ्या खणांत जातो; हिरवे आणि लाल खण रिकामे राहतात. कॅमेऱ्याचा मीटर सरासरी बघतो, त्याला दृश्य अंधारलेलं वाटतं, तो एक्स्पोजर (सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश) वाढवतो आणि निळे खण केव्हाच भरून जातात. हिस्टोग्रामही, म्हणजे फोटोत किती उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेखही, फसवतो. नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम हा उजेडाचा असतो, आणि उजेडाच्या हिशोबात निळ्याला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. त्यामुळे निळा पार कापला गेला तरी आलेख मध्यावर सुखाने बसलेला दिसतो. मेनूतून लाल-हिरवा-निळा असा तिहेरी हिस्टोग्राम चालू करा, मग निळी रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली लगेच दिसेल. ती भिंतीपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. एक ते दोन स्टॉप बहुधा लागतात (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). पडद्यावर फोटो काळपट वाटेल, तो नंतर उचलता येतो.

बाकी प्रश्न येतील तसं लिहीन.

चाफा

सुंदर लिहिलंय शिवडीकर. दोन वर्षांपूर्वी कुणी हे सांगितलं असतं तर लालबागच्या मंडपातले कितीतरी फोटो वाचले असते.

एक शंका. प्रत्येक खणात एकच रंग मोजला जातो, म्हणजे 24 मेगापिक्सेलपैकी लाल माहिती फक्त 60 लाख खणांची. उरलेला लाल रंग आला कुठून?

शिवडीकर

@चाफा, आला अंदाजातून. हिरव्या खणाच्या जागी लाल किती असेल ते आजूबाजूचे लाल खण बघून कॅमेऱ्यातला प्रोसेसर ठरवतो. याला डिमोझेइकिंग म्हणतात. अंदाज म्हटलं तरी ठोकळ सरासरी नसते. कडा कुठल्या दिशेने जातेय हे बघून शेजारी निवडले जातात, आणि बहुतांश दृश्यांत ते इतकं बरोबर येतं की फरक कळत नाही. तयार फोटोतले दोन तृतीयांश रंगाचे आकडे गणिताने भरलेले असतात, हे मात्र खरं.

दुपारचा_चहा

अंदाज चुकतो तेव्हा कसं दिसतं ते मी सांगते. माझं काम लग्नाच्या फोटोंचं आहे, दादर-माटुंग्याच्या हॉलमध्ये. बारीक चौकड्यांचा शर्ट किंवा अगदी जवळजवळ रेघांची सुती साडी असली, की विशिष्ट अंतरावरून कापडावर गुलाबी-हिरवे लाटांसारखे पट्टे उमटतात. साडीत ते नसतात. कापडाची वीण आणि सेन्सरची जाळी यांचं माप जुळत आलं की प्रोसेसर त्या रेघांना रंग समजतो. याला मोआरे म्हणतात.

उपाय जागेवरच करावा लागतो. एक पाऊल पुढे किंवा मागे, नाहीतर थोडं झूम बदलायचं. वीण सेन्सरवर वेगळ्या मापाची पडते आणि पट्टे जातात. काही कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे किंचित धूसर करणारा लो-पास फिल्टर असतो, त्यांत हा त्रास कमी. हल्ली बरेच कॅमेरे जास्त तीक्ष्ण फोटोसाठी तो काढून टाकतात. कपड्यांचे फोटो काढणाऱ्यांनी कॅमेरा घेण्याआधी हे जरूर विचारावं. फोर्टात बोरा बाजारात दुकानदार हातात देऊन बघू देतात, जाताना एक चौकडीचा रुमाल न्या.

चर्चगेट_फास्ट

चांगला धागा. माझा प्रश्न लोकलचा. गाडी प्लॅटफॉर्मला लागताना फोटो काढला की समोरच्या इंडिकेटरवरची अक्षरं अर्धवट येतात. कधी 'सी' दिसतो पण पुढचा आकडा नाही, कधी खालची अर्धी ओळच काळी. डोळ्यांना तर पूर्ण पाटी दिसते. शिवाय धावत्या गाडीतून मोबाइलने काढलेले खांब तिरके का येतात?

शिवडीकर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंडिकेटरचे सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. ओळीमागून ओळ फार वेगाने पेटत-विझत जाते आणि आपला डोळा ती जोडून घेतो. तुम्ही शटर 1/1000 सेकंदाला ठेवून फोटो काढलात तर त्या एका क्षणी पेटलेल्या ओळीच नोंदल्या जातात. 1/50 च्या आसपास या, पाटी पुरी येईल. गाडी थोडी हलेल, तेवढी तडजोड करावी लागते; गाडी थांबत आलेली असताना काढा.

खांब तिरके येतात ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो म्हणून. मोबाइलला यांत्रिक पडदा नसतो. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो सेकंदाचा अगदी छोटा भाग जातो, पण तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असते. म्हणून खांबाचं टोक एका जागी आणि बुंधा दुसऱ्या जागी.

याच कारणाने हॉलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवरच्या दिव्यांखाली फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला 100 वेळा उजळतात आणि मंदावतात. 1/100 किंवा 1/50 ला लखलखाटाची पूर्ण फेरी प्रत्येक ओळीला मिळते आणि पट्टे जातात. परदेशातले व्हिडिओ बघून काही जण 1/60 किंवा 1/120 लावतात. ते आकडे 60 हर्ट्झच्या देशांतले आहेत.

पाणथळ

ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीने जाणाऱ्यांसाठी एक मुद्दा. थवा उडतो, सगळे जण बटण दाबून धरतात, पहिले दोन-तीन सेकंद धडाधड फोटो येतात आणि ऐन मोक्याला कॅमेरा अडकतो. आमच्या ग्रुपमधली नवी मुलं कॅमेऱ्याला नावं ठेवतात. हिशोब करून बघा.

24 मेगापिक्सेल गुणिले 14 बिट, भागिले 8, म्हणजे एक रॉ फोटो (खणांचे मूळ आकडे साठवणारी फाइल) कॉम्प्रेस न करता 42 एमबीचा. सेकंदाला 10 फोटो म्हणजे 420 एमबी. आता कार्डावरचा आकडा बघा. मोठ्या अक्षरात 170 किंवा 200 लिहिलेलं असतं, तो बहुधा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याची हमी देणारा आकडा लहान असतो: व्ही30 म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी, व्ही60 म्हणजे 60, व्ही90 म्हणजे 90. आवक 420 आणि जावक जेमतेम शंभराच्या आत. मधला फरक कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत साठतो, आणि ती भरली की शटर थांबतं.

मी मुलांना सांगतो, थवा उठायच्या आधीच्या हालचाली ओळखा. माना एका दिशेला वळतात, पावलं भराभर पडायला लागतात. तेव्हा बोट बटणावर ठेवा, दाबू नका. आणि दाबलंत तर तुकड्यातुकड्याने. कॅमेऱ्यात कॉम्प्रेस्ड रॉची सोय असेल तर ती वापरा, फाइल बरीच लहान होते.

लाल दिवा लुकलुकत असताना बॅटरी किंवा कार्ड काढू नका हे वेगळं सांगायला नकोच. बफरमध्ये जे आहे ते अजून कार्डावर पोचलेलं नसतं.

कुतूहल

नमस्कार, मी कॉलेजात आहे, कॅमेरा नवीन आहे. दादा, सगळे म्हणतात रॉमध्ये काढ. पण रॉ फोटो फिका दिसतो आणि जेपेग छान. मग रॉ कशाला? आणि आयएसओ वाढवला की दाणे येतात, म्हणजे सेन्सर जास्त संवेदनशील होतो म्हणूनच ना?

शिवडीकर

कुतूहल, दुसरा प्रश्न आधी घेतो.

आयएसओने सेन्सर जास्त प्रकाश पकडत नाही. जितका पकडलाय तितकाच राहतो, फक्त मोजण्याआधी तो संकेत वाढवला जातो. दाणे येतात ते प्रकाश कमी पडल्यामुळे. प्रकाशाचे कण पावसाच्या सरीइतकेच अनियमित पडतात, म्हणून मोजणीत चढउतार राहतोच, आणि तो मोजणीच्या वर्गमुळाइतका असतो. खणात 10,000 कण पडले तर चढउतार 100 चा, म्हणजे एक टक्का, दिसणारही नाही. फक्त 100 कण पडले तर चढउतार 10 चा, म्हणजे दहा टक्के. हेच दाणे. म्हणून रात्री मरीन ड्राइव्हवर ट्रायपॉड लावून शटर जास्त वेळ उघडं ठेवलंस तर त्याच कॅमेऱ्यात फोटो स्वच्छ येतो.

आता रॉ. रॉ म्हणजे मघाशी सांगितलेले खणांचे आकडे, जवळपास आहेत तसे. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल), कॉन्ट्रास्ट यांची फक्त नोंद शेजारी ठेवलेली असते, ती आकड्यांत मिसळलेली नसते. जेपेग काढताना कॅमेरा डिमोझेइकिंग करतो, व्हाइट बॅलन्स लावतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, आणि मग 16384 पायऱ्यांच्या 256 करतो. नंतर तुला सावल्या उचलायच्या असतील तर त्या पायऱ्या शिल्लक नसतात. आकाश उजळवलं की पट्टे पडतात. व्हाइट बॅलन्स चुकला असेल तर रॉमध्ये तो निवांत बदलता येतो, जेपेगमध्ये ओढाताण होते.

रॉ फिका दिसतो कारण तुझ्या वतीने कुणी निर्णय घेतलेले नाहीत. ते घ्यायला शीक. सुरुवातीला रॉ आणि जेपेग दोन्ही साठव, शेजारी ठेवून बघ.

साठ्येसर

जेपेगबद्दल थोडं लिहितो, कारण त्यामागचं गणित मला फार आवडतं आणि त्यात आपल्या मातीतल्या माणसांचा मोठा वाटा आहे.

जेपेग आधी चित्र उजेड आणि रंग यांत वेगळं करतं. डोळा उजेडातले बारकावे टिपतो, रंगातले तितके नाही. म्हणून रंगाची माहिती निम्म्या किंवा चौथाई ठिकाणीच ठेवली जाते. मग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातले 64 आकडे बदलून 64 लहरींचं प्रमाण काढलं जातं: सपाट भाग किती, हळू बदलणारा किती, झपाट्याने बदलणारा किती. इथपर्यंत फारसं काही हरवत नाही. खरी कात्री पुढे लागते. प्रत्येक प्रमाणाला एका ठरलेल्या आकड्याने भागून पूर्णांकात आणलं जातं. बारीक लहरींसाठी भाजक मोठा, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच शून्य होतात. लांबच लांब शून्यांची रांग थोड्या जागेत लिहिता येते आणि 72 एमबीचं चित्र 8-10 एमबीत बसतं.

या लहरींच्या रूपांतराला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. 1974 साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. अहमद मूळचे बेंगळुरूचे. जेपेगचं प्रमाण ठरलं 1992 मध्ये. आज जगात कुठेही कुणी जेपेग फोटो पाठवला की हे गणित चालतं, आणि आपल्या शाळांमधून ही तीन नावं मुलांच्या कानावर पडत नाहीत याची मला मनापासून खंत वाटते.

व्यवहारातला परिणाम असा, की जेपेग उघडून, बदलून पुन्हा जेपेग म्हणून साठवलं की कात्री पुन्हा लागते. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेल्या फोटोत चेहऱ्याच्या कडेला जे चौकोनी ठिपके दिसतात, ते हेच 8 बाय 8 चे चौकोन. फोटो जपायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चर्चगेट_फास्ट

साठ्येसर, प्रतिसाद साठवून ठेवतोय. हे कधीच माहीत नव्हतं.

गिरणगाव

आम्ही काही जण लालबाग-परळच्या जुन्या चाळींचे फोटो नोंदवतोय, पुनर्विकासात पाडायच्या आधी. जिने, कठडे, सामायिक गॅलऱ्या, दारावरच्या पाट्या. उद्या कुणाला हे बघायचं असेल तर तीस-चाळीस वर्षांनी फाइल उघडली पाहिजे. कशात साठवायचं? आमच्यातल्या एकाने सगळं मेमरी कार्डांवरच ठेवलंय, 'कार्डाला काय होतंय' म्हणतो.

शिवडीकर

गिरणगाव, तुमचं काम फार मोलाचं आहे. कृपया कार्डांवर ठेवू नका.

फ्लॅश मेमरीत प्रत्येक बिट म्हणजे इन्सुलेशनने वेढलेल्या इवल्याशा जागेत अडकवलेले इलेक्ट्रॉन. ते वर्षानुवर्षं हळूहळू गळतात, आणि उष्णतेत जास्त. कपाटात पडून राहिलेलं कार्ड कधी दगा देईल याचा नेम नाही. शिवाय जेपेग अशा रीतीने गुंडाळलेलं असतं की एक बाइट बिघडला तर त्याच्यापुढचं सगळं वाचणं घसरतं. फोटोचा वरचा भाग ठीक आणि खालचा करडा किंवा भलत्याच रंगाचा, असं पाहिलं असेल तुम्ही.

रॉ फाइल कंपनीगणिक वेगळ्या असतात: निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची सीआर3. अडोबीने 2004 मध्ये डीएनजी आणलं, त्याचं स्वरूप सगळ्यांना खुलं आहे. मी मूळ रॉ ठेवून शिवाय डीएनजी किंवा टिफ प्रत करीन.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आधी जुळवा. प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ म्हणून नोंद असते, त्यात तारीख, वेळ, शटर, ॲपर्चर, लेन्स सगळं लिहिलं जातं. घड्याळ चुकीचं असेल तर तुमच्या नोंदींची तारीखच चुकेल. चाळीचं नाव, मजला, खोली हे मात्र तुम्हालाच लिहावं लागेल.

दुपारचा_चहा

गिरणगाव, एक भर. प्रती वेगवेगळ्या उपनगरांत ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कलिना-कुर्ल्याच्या तळमजल्यावरच्या घरांतले अल्बम आणि निगेटिव्ह चिखलात गेले. माझ्या आत्याच्या घरी आजोबांचा एकही फोटो उरला नाही. हार्ड डिस्क दोन असल्या आणि दोन्ही एकाच कपाटात असल्या तर उपयोग नाही.

मालाडची_माई

उशिरा आले धाग्यावर. तातडीचं विचारते. नातवाने खेळता खेळता बारशाचे फोटो असलेलं कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं. काही परत मिळेल का?

शिवडीकर

माई, बहुतेक मिळतील. आधी कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवा, त्यावर एकही नवा फोटो नको.

साधं फॉरमॅट केलं की कार्डावरची यादी पुसली जाते, फोटोंचे आकडे जागेवरच असतात. ती जागा मोकळी समजली जाते आणि पुढचा फोटो तिच्यावर लिहिला जातो, धोका तिथे आहे. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो यादीकडे बघतच नाही, सगळं कार्ड वाचत जातो आणि फाइलींच्या खुणा शोधतो. जेपेगची सुरुवात नेहमी एफएफ आणि डी8 या दोन बाइटांनी होते, त्यावरून तो फोटो ओळखतो. सापडलेले फोटो कॉम्प्युटरवर साठवा, त्याच कार्डावर नाही. नावं जातील, पण एक्झिफमधली तारीख राहील. लो-लेव्हल फॉरमॅटची (यादीबरोबर आकडेही पुसणाऱ्या फॉरमॅटची) खूण केलेली असेल तर मात्र आशा कमी.

मालाडची_माई

शिवडीकर, मुलाकडून करून घेतलं. जवळजवळ सगळे फोटो आले, बाळाच्या कानात नाव सांगतानाचा फोटोसुद्धा. खूप खूप आभार. शेवटचे चार-पाच अर्धेच उघडतात. आणि मुलगा म्हणतो कार्ड 128 जीबीचं नाहीच. असं असू शकतं का? स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतलं होतं.

पाणथळ

माई, असू शकतं. आतला कंट्रोलर 128 सांगतो आणि चिप 16 ची असते. 16 भरेपर्यंत सगळं सुरळीत, त्यानंतर नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच जात नाहीत. यादीत नाव दिसतं, उघडलं की अर्धा करडा. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ3 हे प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात आणि खरी क्षमता सांगतात. आधी वाचवलेले फोटो दोन ठिकाणी ठेवा, मग चाचणी करा, कारण चाचणीत कार्डावरचं सगळं पुसलं जाईल.